विजेची मोटार आली तर उसाचे काय?
कर्जत-खालापूरच्या वीजघरांवरून मांडलेला एक हिशेब
(ऊस विकास विभागाकडून)



अलीकडे गटसभेत बेण्याचे, खताचे आणि तोडणीच्या पाळीपत्रकाचे बोलणे संपले की एक प्रश्न हमखास निघतो. ‘साहेब, आता सगळ्या मोटारी विजेवर चालणार म्हणतात. मग आपल्या इथेनॉलला कोण विचारणार?’ प्रश्न अगदी रास्त आहे. इथेनॉलच्या भरवशावर राज्यातील कारखान्यांनी डिस्टिलऱ्या उभारल्या, त्यासाठी कर्जे काढली, आणि ही कर्जे शेवटी सभासदाच्या उसातूनच फिटायची आहेत. तेव्हा ‘होईल काहीतरी’ असे म्हणून हा प्रश्न झटकता येणार नाही.

ह्याचे उत्तर शोधायला चीन-अमेरिकेत जायची गरज नाही. बोरघाट उतरून रायगड जिल्ह्यातील खालापूर आणि कर्जत हे दोन तालुके नीट पाहिले तरी पुरे. तिकडे ऊस नाही, भात आहे. पण आपण भीमा खोऱ्यातले लोक, आणि आपल्या इंद्रायणीचे, आंध्रेचे पाणी शंभर वर्षांपासून त्या दोन तालुक्यांत पडते व वीज करते. शिवाय विजेवर चालणारे वाहन ही तिथे नवलाईची वस्तू नाही.

कर्जत स्टेशनवर पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने लावतात, हे आपल्यापैकी अनेकांनी वडापाव खाता खाता पाहिले असेल. ह्या घाटात विजेची इंजिने १९३० च्या सुमारास आली. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली ती विजेवरच. म्हणजे विजेवर घाट चढणे हे पंचाण्णव वर्षांचे जुने तंत्र आहे. मात्र त्या वेळी ह्या रेल्वेने आपली वीज कल्याणजवळ ठाकुर्लीला चोळा वीजघर बांधून तयार केली, आणि ते वीजघर कोळशावर चालत असे. गाडीतून धूर येत नव्हता, तो ठाकुर्लीच्या धुराड्यातून निघत होता. विजेच्या मोटारीबद्दल काहीही वाचताना एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटार स्वच्छ की अस्वच्छ हे मोटारीकडे बघून कळत नाही, तिच्यात भरलेली वीज कुठून आली ते विचारावे लागते.

दुसरे उदाहरण माथेरानचे. माथेरान कर्जत तालुक्यात. तिथे मोटारींना बंदी, म्हणून माणसे घोड्यावरून किंवा माणसांनी ओढायच्या रिक्षांतून जात. लाल मातीच्या चढावर एकाने पुढून ओढायचे आणि दुसऱ्यांनी मागून ढकलायचे, असे ते काम. रिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेनेच विजेच्या रिक्षांची मागणी लावून धरली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली प्रयोगाला परवानगी दिली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात सात ई-रिक्षा धावू लागल्या. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने, माणसाने माणूस ओढणे हे माणुसकीला धरून नाही असे ठरवून, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास व ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्यास सांगितले. घोडेवाल्यांचा विरोध होता, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्नही खोटा नाही. पण ज्याच्या खांद्यावर दोर होता त्याला मोटारीच्या धुराचा मुद्दा समजावून सांगावा लागला नाही.

तिसरे उदाहरण खालापूरच्या टोलनाक्यावर उभे राहिले की दिसते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारी वाढत आहेत. एस. टी. च्या ई-शिवनेरी गाड्या २०२३ पासून ह्या घाटात चालतात. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या चारचाकींना व बसना ह्या मार्गावर टोलमाफी ठरली आहे. तेव्हा विजेची मोटार येणार का, हा प्रश्न आता उरलेला नाही. दुचाकी व तीनचाकीत ती झपाट्याने शिरली आहे, चारचाकीत हळू आहे, ट्रॅक्टर व उसाच्या ट्रकमध्ये नुसती सुरुवात आहे.

आता वीज कुठून, ह्याकडे येऊ.

जमशेटजी टाटांनी घाटमाथ्याच्या पावसापासून वीज करण्याची कल्पना धरली. १९०४ साली ते वारले, पण १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू होऊन मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. लोणावळा, वळवण, शिरवटा ही तळी वर, आणि नळांतून पाणी खाली खोपोलीस. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर झाले, त्याला आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी. १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिरा. मुळशी धरणाच्या वेळी सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मावळ्यांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला, तो इतिहास आपणास माहीतच आहे. स्वच्छ विजेलासुद्धा कुणाचे तरी शेत द्यावे लागते, हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वी कळले.

खोपोलीस पाणी सुमारे सव्वापाचशे मीटर खाली येते. ह्या उंचीवरून एक हजार लिटर पाणी, म्हणजे छोटी टाकीभर पाणी, खाली सोडले तर टर्बाइनमधून साधारण सव्वा युनिट वीज मिळते. आपल्या विहिरीवरची साडेसात अश्वशक्तीची मोटर तासाला साडेपाच-सहा युनिट खाते. म्हणजे तिला तासभर चालवायला असल्या पाच टाक्या घाटावरून ओताव्या लागतील! वीज किती पाणी पिते, हे मीटरकडे बघून कधी लक्षात येत नाही. गंमत अशी की दीड टनाची विजेची मोटार लोणावळ्याहून खोपोलीस उतरते तेव्हा चाकांच्या जोरावर तिची मोटर उलटी चालून बॅटरीत वीज भरते, आणि तीही एक-सव्वा युनिटच भरते. नळातून पाणी उतरते आणि शेजारच्या रस्त्याने मोटार उतरते, हिशेब एकाच जातीचा. पेट्रोलची गाडी हेच सगळे ब्रेकमध्ये तापवून वाया घालवते.

पण खोपोली ७२ मेगावॉट, भिवपुरी ७५ च्या आसपास आणि भिरा धरून तिन्ही मिळूनसुद्धा आजच्या महाराष्ट्राच्या गरजेपुढे ही वीज थोडी. मोठा भाग अजून कोळशाचा आहे. कोळशाची जागा घ्यायला आता सौरऊर्जा पुढे आली आहे, आणि ती स्वस्तही झाली आहे. आपल्याकडे ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत अनेकांनी पॅनेल बसवले. रात्री दीडला थ्री फेज येते म्हणून बॅटरी घेऊन बिबट्याच्या वाटेवरून दारे धरायला जाणारा माणूस दिवसा पाणी देऊ लागला, हा फायदा पैशांत मोजण्यासारखा नाही.

सौरऊर्जेची खोड एकच. ती दुपारी भरपूर आणि दिवे लागणीला शून्य. माणूस मात्र संध्याकाळी घरी येतो, दिवे-पंखे लावतो आणि आता मोटारही चार्जिंगला लावणार. म्हणून दुपारची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग, अशी दराची नवी पद्धत उद्योगांसाठी सुरू झालेली आहे. आमच्या मते सभासदांनी ह्या सगळ्या विषयातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही की, येथून पुढे विजेची किंमत ती कशापासून केली यापेक्षा ती केव्हा देता येते यावर ठरणार आहे.

दुपारची वीज संध्याकाळपर्यंत ठेवायची कशी? बॅटरी हा एक मार्ग. दुसरा मार्ग पुन्हा घाटातच सापडतो. दुपारी स्वस्त विजेवर पंप चालवून पाणी खालच्या तळ्यातून वरच्या तळ्यात चढवायचे, आणि संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. ह्याला उदंचन जलविद्युत म्हणतात. नाव अवघड आहे, काम आपल्या पाण्याच्या टाकीसारखे. पाच युनिट घातले तर चार परत मिळतात. एक युनिट जाते, पण दुपारचे एक रुपयाचे जाऊन संध्याकाळचे जास्त मोलाचे चार येत असतील तर व्यवहार फायद्याचाच. घाटघर येथे राज्य सरकारचा असा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून आहे, भिरा येथे १५० मेगावॉटचा संच त्याच्याही आधीपासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार व टाटा पॉवर यांच्यात दोन नव्या प्रकल्पांचा करार झाला. त्यात पुणे जिल्ह्यात शिरवटा १,८०० मेगावॉटचा आणि कर्जत तालुक्यात भिवपुरी १,००० मेगावॉटचा. शंभर वर्षांपूर्वी पंचाहत्तर मेगावॉट देणाऱ्या गावी हजार मेगावॉटची गोष्ट चालली आहे, ती ह्या संध्याकाळच्या विजेसाठी.

आता ह्यात आपला, म्हणजे भीमाकाठच्या ऊसवाल्याचा, संबंध कुठे येतो ते पाहा. कृष्णा पाणी तंटा लवादाने, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, टाटांच्या वीजघरांसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीची मर्यादा घातली. वर्षाला सरासरी बेचाळीस टीएमसी. उजनी मायनसमध्ये गेली की हा आकडा सोलापूर-पुण्याच्या प्रत्येक सभेत घुमतो, आणि हे पाणी पुन्हा पूर्वेकडे सोडावे ही मागणी बरीच जुनी आहे. वरच्या हिशेबाने एक टीएमसी पाण्यापासून घाटाखाली साडेतीन कोटी युनिटच्या आसपास वीज होते. तेच पाणी शेताच्या बांधावर पोचले तर पाटपाण्याने अडीच-तीन हजार एकर ऊस पिकतो.

कुणी म्हणेल, मग बंद करा ती वीजघरे. आमचे मत तसे नाही. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी वाया जात नाही. ते पेज नदीत जाते, राजनाल्याच्या कालव्यातून कर्जत तालुक्यातले उन्हाळी भात त्यावर उभे राहते, आणि पुढे उल्हास नदीतून शहरांना पिण्यास मिळते. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत जाऊन तिकडची गावे व कारखाने चालवते. शंभर वर्षांत त्या पाण्यावर दुसरी माणसे वसली आहेत. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे वाण लावणारा तो शेतकरीही आपल्यासारखाच खातेदार आहे. त्याचा नाला आटवून आपला ऊस भिजवा, असे म्हणताना निदान एकदा घाट उतरून राजनाला बघून यावा. मात्र उदंचनाने एक नवी गोष्ट झाली आहे. त्यात तेच पाणी वर-खाली फिरते, बाष्पीभवन व गळती सोडून नवीन पाणी लागत नाही. आजवर संध्याकाळची वीज हवी तर पाणी पश्चिमेला सोडणे भाग, असा युक्तिवाद होता. तो आता पूर्वीइतका पक्का राहत नाही. तेव्हा पाण्याची मागणी करायची तर ती ह्या मुद्द्यावर, आकडे घेऊन आणि राजनाल्याचा वाटा आधी बाजूला ठेवून करावी. नुसत्या घोषणेने पाणी वळत नाही.

आता इथेनॉल. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा पंचाऐंशीहून अधिक बाहेरून येते, म्हणून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट ठरले आणि ते २०२५ मध्ये गाठले गेले. आज रस्त्यावर असलेली पेट्रोलची गाडी पंधरा वर्षे तरी चालेल, तेव्हा इथेनॉलचे गिऱ्हाईक उद्या पळून जात नाही. पण त्यात वाढही पूर्वीच्या वेगाने होणार नाही, आणि मक्याचे इथेनॉल आता उसाच्या पुढे गेले आहे. रसापासूनच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ ला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता, तो २०२४-२५ लाही तेवढाच. त्याच काळात उसाची एफ.आर.पी. क्विंटलला ३०५ वरून ३४० रुपये झाली. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला म्हणून रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंधन आले, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. मधल्या काळात ज्यांची डिस्टिलरी हप्त्यावर होती त्यांची अवस्था सांगायला नको.

एक कडू हिशेबही सभासदांसमोर ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो. एकरी चाळीस टन ऊस धरा. सगळा रस इथेनॉलला घातला तर टनाला सत्तर लिटर म्हणजे २,८०० लिटर. इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, तेव्हा लिटरला बारा किलोमीटर धरून मोटार सुमारे तेहतीस हजार किलोमीटर जाईल. गाळपाची आणि डिस्टिलरीची गरज भागवून बगॅसपासून टनाला पन्नास युनिट वीज उरली तर दोन हजार युनिट, त्यावर विजेची मोटार आणखी तेरा हजार किलोमीटर चालेल. एकूण शेहेचाळीस हजार. तेवढ्याच एका एकरावर सौर पॅनेल लावले तर वर्षाला तीन लाख युनिटच्या घरात वीज होते, आणि तीवर विजेची मोटार वीस लाख किलोमीटर जाते. चाळीस पटीहून जास्त! हे वाचून कुणी ऊस मोडू नये. पॅनेलखाली साखर होत नाही, जनावराला वाढे मिळत नाही, आणि सगळेच पॅनेल लावतील तर दुपारच्या विजेला कोण पैसे देईल? पण नुसत्या किलोमीटरच्या शर्यतीत ऊस उन्हाशी जिंकणार नाही, हे समजून पुढची आखणी करावी.

ऊस जिंकतो तो दुसरीकडे. बगॅस म्हणजे साठवलेले ऊन आहे. चिपाडाचा ढीग आवारात रचून ठेवता येतो आणि सूर्य मावळल्यावर जाळता येतो. भिवपुरीत हजारो कोटी खर्चून जे पाण्याने करायचे आहे, ते बगॅस आपोआप करतो. टनामागे २८ ते ३० टक्के बगॅस आपण गाळपाबरोबर तयारच करतो. आज सहवीज प्रकल्प हंगामात रात्रंदिवस एकाच चालीने चालतात, आणि जुने करार संपले की पूर्वीचा दर मिळत नाही ही ओरड सर्व कारखान्यांत आहे. दुपारी सौर वीज वापरून बगॅस वाचवणे, तो संध्याकाळी व बिगरहंगामात जाळणे, आणि त्या वेळेच्या विजेला त्या वेळेचा दर मागणे, ह्या तीन गोष्टी सहकारी कारखान्यांनी एकत्र येऊन नियामक आयोगापुढे मांडायला हव्यात. एकट्या कारखान्याचे कुणी ऐकत नाही.

त्यातच पाचट आले. एकरी तीन-चार टन पाचट आपण काडी लावून पेटवतो. आमची शिफारस नेहमीचीच आहे, आधी ते सरीत कुजवा, जमिनीचा कर्ब वाढवा. खोडव्यात पाचट आच्छादनाने पाण्याच्या दोन पाळ्या वाचतात, आणि वाचलेली पाळी ही वाचलेली वीजही असते. जिथे दुसरे पीक घ्यायचे म्हणून रान मोकळे करायचेच आहे, तिथे गाठी बांधून पाचट बॉयलरला देता येईल. प्रेसमडपासून बायोगॅस करून तो दाबून वाहनांत भरण्याचे प्रकल्पही काही कारखान्यांत चालू झाले आहेत. ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर बॅटरीवर यायला वेळ लागेल, पण ह्या गॅसवर तो आधी येऊ शकेल, असा आमचा अंदाज आहे.

ठिबकबद्दल वेगळे लिहीत नाही, मागील अंकात सविस्तर आले आहे. एवढेच, की विहिरीवरची मोटर किती तास चालते याची नोंद बहुतेकांकडे नसते. पुढील महिन्याच्या गटसभांत पाचटाच्या गाठी बांधण्याचे यंत्र प्रत्यक्ष चालवून दाखविण्यात येईल, आणि ज्यांना सौरपंपाचा अर्ज भरायचा आहे त्यांना विभागाचे कर्मचारी मदत करतील. येताना सात-बारा, आधार कार्ड व वीजजोड असल्यास शेवटचे बिल सोबत आणावे. गटवार तारखा चिटबॉयकडे व गट कार्यालयाच्या फलकावर मिळतील.